देणारा कोण, घेणारा कोण?

वाचकांचे प्रश्न : रसायनशास्त्र

या वेळचे बहुतेक प्रश्न ऑक्सिडीकरण आणि क्षपण यांभोवतीच फिरतात. काही परीक्षेच्या धास्तीने आले आहेत, काही द्राक्षबागेतून, तर एक थेट प्लेटिंगच्या बाथवरून.

प्रश्न : दहावीला ‘ऑक्सिजन मिळाला की ऑक्सिडीकरण, गेला की क्षपण’ असं पाठ केलं. अकरावीला सांगतात की ऑक्सिजनचा संबंध नसला तरी ऑक्सिडीकरण होतं. मग दहावीचं चूक होतं का? आणि ऑक्सिडक स्वतः क्षपित होतो, हे डोक्यात बसतच नाही. – अकरावीची विद्यार्थिनी, सिडको

उत्तर : दहावीचे चूक नव्हते, तोकडे होते. मॅग्नेशिअमची फीत हवेत पेटवली की पांढरी राख उरते. मॅग्नेशिअमच्या प्रत्येक अणूने दोन इलेक्ट्रॉन दिले, ऑक्सिजनने ते घेतले. तीच पेटती फीत क्लोरीनच्या बरणीत सोडली तर तिथेही ती जळते, पांढरी पूड उरते आणि मॅग्नेशिअमने पुन्हा दोनच इलेक्ट्रॉन दिलेले असतात. मॅग्नेशिअमच्या बाजूने बघ, दोन्हीकडे त्याचे एकच झाले. मग एका बरणीतल्या घटनेला ऑक्सिडीकरण म्हणायचे आणि दुसरीतल्या घटनेला नाही, याला काही अर्थ उरत नाही. म्हणून व्याख्या रुंद झाली: इलेक्ट्रॉन देणे हे ऑक्सिडीकरण, घेणे हे क्षपण. नाव मात्र जुनेच चिकटून राहिले. आमच्या मते या प्रकरणातला निम्मा गोंधळ त्या नावाचाच आहे.

‘क्षपण’ हा शब्द त्या मानाने बरा. क्षपण म्हणजे घट. १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतला की हाती ११२ ग्रॅम लोखंड येते. पूर्वी ही घट वजनात मोजत, आता ती ऑक्सिडीकरण अंकात, म्हणजे अणूने हिशेबाने किती इलेक्ट्रॉन दिले (+) किंवा घेतले (−) त्या आकड्यात मोजतात: लोखंड +३ वरून ० वर आले.

‘इलेक्ट्रॉन दिले तर अंक वाढतो कसा?’ हा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. इलेक्ट्रॉन ऋण असतो. तो देणे म्हणजे खिशातले पैसे देणे नव्हे, डोक्यावरची उधारी उतरवणे. उधारी गेली की खाते वर चढते. दोन इलेक्ट्रॉन दिले की अंक दोनाने वर.

आता ऑक्सिडक. ऑक्सिडक म्हणजे दुसऱ्याचे ऑक्सिडीकरण करणारा. सलूनवाला केस कापतो, पण कमी होतात ते गिऱ्हाइकाचे. ऑक्सिडक समोरच्याचे इलेक्ट्रॉन काढून स्वतःकडे घेतो, म्हणून त्याचा स्वतःचा अंक खाली येतो, म्हणजेच तो क्षपित होतो. क्षपणकाचे याच्या उलट.

अंक काढताना सुट्या मूलद्रव्याला ०, संयुगात हायड्रोजनला बहुधा +१, ऑक्सिजनला बहुधा −२, आणि सगळ्यांची बेरीज रेणूवरच्या किंवा आयनावरच्या प्रभाराइतकी. पोटॅशिअम परमँगनेटमध्ये पोटॅशिअमचा +१, चार ऑक्सिजनचे −८, तेव्हा मँगनीज +७. पोटॅशिअम डायक्रोमेटमध्ये दोन पोटॅशिअमचे +२, सात ऑक्सिजनचे −१४, म्हणून क्रोमिअमच्या वाट्याला +१२. इथे घाईत +१२ लिहून मोकळे होणारे पुष्कळ. क्रोमिअमचे अणू दोन आहेत, तेव्हा प्रत्येकी +६. दुसरी ठेच ‘बहुधा’ या शब्दाला लागते: हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ऑक्सिजन −१ असतो आणि सोडिअम हायड्राइडमध्ये हायड्रोजन −१. आणि हे अंक हिशेबापुरते आहेत. परमँगनेटमधल्या मँगनीजवर खरोखर सात धन प्रभार बसलेले नसतात.

प्रश्न : बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याची बुरशीनाशक फवारणी) तयार झालं की त्यात सुरी बुडवून बघायची, लाल झाली तर चुना वाढवायचा, असं वडिलांपासून चालत आलंय. यंदा मोरचूद आणि चुना सारख्याच वजनाने घेऊनही सुरी लाल होतेय. सुरी लाल का होते आणि चूक कुठे होतेय? – द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : तुमच्या बादलीत घडते ती रेडॉक्स, म्हणजे ऑक्सिडीकरण आणि क्षपण जोडीने होणारी, अभिक्रिया पाठ्यपुस्तकातल्या खिळ्याच्या प्रयोगासारखीच आहे. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. पाण्यात तांबे +२ च्या रूपात मोकळे फिरत असते. लोखंडाला तांब्यापेक्षा इलेक्ट्रॉन सोडायची घाई जास्त. सुरीच्या पृष्ठभागावरचा लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन देऊन पाण्यात उतरतो, ते इलेक्ट्रॉन घेऊन तांब्याचा आयन धातू होतो आणि तिथेच पात्यावर बसतो.

लोखंड + कॉपर सल्फेट → फेरस सल्फेट + तांबे

५६ ग्रॅम लोखंड जाते तेव्हा साडेत्रेसष्ट ग्रॅम तांबे बसते, म्हणजे ‘झिजणारी’ सुरी प्रत्यक्षात थोडी जड होते.

गंमत अशी की मोरचूद आणि चुना यांची मूळ अभिक्रिया रेडॉक्स नाहीच. चुन्यामुळे तांबे न विरघळणाऱ्या निळ्या साक्यात अडकते, पण आधीही ते +२ आणि नंतरही +२. कोणी दिले नाही, कोणी घेतले नाही. अडकलेले तांबे सुरीपर्यंत पोचत नाही, म्हणून सुरी स्वच्छ राहते. सुरी लाल होणे याचा अर्थ विरघळलेले तांबे अजून शिल्लक आहे आणि तेच कोवळी पाने करपवते.

आता चूक कुठे. हिशेबाने १ किलो मोरचुदातले सगळे तांबे पकडायला शुद्ध, ताजा कळीचा चुना साधारण सव्वादोनशे ग्रॅम पुरतो. तुम्ही १ किलो घालता, म्हणजे चौपटीहून जास्त. तरीही सुरी लाल होत असेल तर वजन पुरेसे असून चुना मेलेला आहे. पोते उघडे राहिले की कळीचा चुना हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि त्याचा कॅल्शिअम कार्बोनेट, म्हणजे निव्वळ खडू होतो. त्याच्यात ती ताकद उरत नाही. ओळखायचे कसे? जिवंत कळीवर पाणी टाकले की ती तडकते, फुगते, वाफ येते. मेलेली नुसती भिजते. एक टक्क्याच्या १०० लिटर मिश्रणासाठी १ किलो मोरचूद ५० लिटर पाण्यात, चुना विझवून, गाळून दुसऱ्या ५० लिटरमध्ये, आणि मग मोरचुदाचे पाणी त्या चुन्याच्या पाण्यात ढवळत ओतायचे. भांडी प्लास्टिकची किंवा लाकडाची. लोखंडी पिंप किंवा जस्ताची बादली घेतलीत तर सुरीवर जे होते तेच भांड्याच्या भिंतीवर होईल: तांबे तिथे बसेल आणि भांड्याला भोके पडतील.

चाचणी फसण्याच्या दोन जागा आहेत. स्टेनलेस स्टीलच्या सुरीवर क्रोमिअम ऑक्साइडचा पातळ थर असतो, त्यामुळे तांबे मोकळे असूनही ती चकचकीतच राहू शकते. आणि गंजलेला खिळा आधीच तांबूस असतो, तेव्हा काय लाल झाले ते कळत नाही. साधी लोखंडी सुरी किंवा विळा पॉलिश पेपरने घासून मिनिटभर बुडवा. खात्रीसाठी तांबडा लिटमस कागद टाका, तो निळा व्हायला हवा. मिश्रण त्याच दिवशी संपवा. उभे राहिलेल्या मिश्रणातला साका जाड होतो आणि पानाला नीट चिकटत नाही.

प्रश्न : तांब्याचा हंडा चिंचेने घासला की चकाकतो. हे क्षपण समजायचं का? आणि कल्हई करताना नवसागर टाकतात तो कशासाठी? – वाचक, पंचवटी

उत्तर : चिंचेचे उत्तर: नाही. हंड्यावरचा काळपट थर कॉपर ऑक्साइडचा. चिंचेतले आम्ल तो विरघळवते, तांबे +२ होते ते +२ च राहून पाण्याबरोबर निघून जाते आणि खालचे ताजे तांबे उघडे पडते. काळे तांबे परत लाल ‘झालेले’ नसते. दर घासणीला हंडा कणभर झिजतो.

पण तीच चिंच, किंवा ताक, रात्रभर तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवले तर मामला वेगळा. आम्ल एकटे तांब्याला हात लावू शकत नाही, पण हवेतला ऑक्सिजन सोबतीला आला की तांबे त्याला इलेक्ट्रॉन देते, +२ होते आणि पदार्थात उतरते. ताक कळकते ते यामुळे. ही मात्र रेडॉक्स, आणि कल्हई हवी ती ती थांबवण्यासाठी.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, पण तापलेल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर असेल तर ते चिकटत नाही, गोळ्या होऊन घरंगळते. नवसागराची पूड टाकली की तो थर जातो आणि कापसाच्या बोळ्याने कथील एका फिरवणीत पसरते. दिसतो तो पांढरा धूर म्हणजे उष्णतेने सुटलेले अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वर जाऊन थंड होताच पुन्हा नवसागर झालेले बारीक कण. तो धूर छातीत जाऊ देऊ नये. भांडी बाजारात कल्हई करून घेताना एवढे मात्र विचारा की कथिलात शिसे मिसळलेले नाही ना. मिसळलेले असेल तर ते भांडे स्वयंपाकाला नको.

नवसागर आणि कॉपर ऑक्साइड यांची अभिक्रिया समीकरण संतुलित करायला इतकी छान आहे की विद्यार्थ्यांनी वहीत घ्यावी. कॉपर ऑक्साइडमध्ये तांबे +२, शेवटी धातू म्हणजे ०: प्रत्येक अणू २ इलेक्ट्रॉन घेतो. अमोनियममध्ये नायट्रोजन −३, शेवटी नायट्रोजन वायू म्हणजे ०: प्रत्येक अणू ३ देतो. देणे-घेणे जुळायचे तर ६ वर: तांब्याचे ३ अणू, नायट्रोजनचे २. इथवर बहुतेकांचे बरोबर येते. मग २ अमोनियम क्लोराइडमधले २ क्लोरीन कुठे गेले? त्यांनी आणखी एका तांब्याला धरून कॉपर क्लोराइड केले, आणि त्या तांब्याचा अंक +२ च राहिला. म्हणून कॉपर ऑक्साइड ३ नव्हे, ४. हायड्रोजन ८, ऑक्सिजन ४, तेव्हा पाणी ४.

४ कॉपर ऑक्साइड + २ अमोनियम क्लोराइड → ३ तांबे + १ कॉपर क्लोराइड + १ नायट्रोजन + ४ पाणी

चौथ्या तांब्याने देवघेवीत भागच घेतलेला नाही. ‘अंक जुळले तरी अणू जुळत नाहीत’ अशी तक्रार येते तेव्हा नव्वद टक्के वेळा असा एखादा बघ्या मोजायचा राहिलेला असतो.

प्रश्न : सराफ बाजारातून घेतलेले ‘ऑक्सिडाइज्ड’ चांदीचे झुमके आणि घरातले काळे पडलेले पैंजण, दोन्हींवरचा काळा थर एकच का? घरी कसा काढावा? – वाचक, इंदिरानगर

उत्तर : एकच, आणि नाव ऑक्सिडाइज्ड असले तरी तो ऑक्साइड नव्हे, सिल्व्हर सल्फाइड. झुमक्यांवर तो मुद्दाम गंधकाच्या रसायनाने आणतात, पैंजणांवर हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे आपोआप येतो. चांदी ० वरून +१ झाली आहे, तेव्हा ऑक्सिडीकरण हा शब्द मात्र बरोबर.

पैंजणांसाठी: काचेच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनिअम फॉइल, चकचकीत बाजू वर, त्यावर पैंजण फॉइलला टेकतील असे. लिटरभर कडकडीत पाण्यात एकेक मोठा चमचा खायचा सोडा आणि मीठ विरघळवून ओता. ॲल्युमिनिअम इलेक्ट्रॉन देते, सिल्व्हर सल्फाइडमधली चांदी घेते आणि जागच्या जागी पुन्हा धातू होते. टूथपेस्टने घासण्यासारखी चांदी झिजत नाही. सडक्या अंड्यासारखा हलका वास येतो, तो निघून जाणाऱ्या गंधकाचा. पैंजण फॉइलला टेकले नाहीत तर काही होत नाही, कारण इलेक्ट्रॉन जायला वाट हवी. झुमके मात्र यात घालू नका, नक्षीतला काळेपणा म्हणजे त्यांची सगळी शोभा, तीच जाईल. खडे किंवा मोती जडवलेलेही नकोत.

प्रश्न : ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशिअम परमँगनेटच्या अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) गुलाबीऐवजी तपकिरी रंग येतो. शिवाय पहिले थेंब बराच वेळ गुलाबीच राहतात, मग अचानक भराभर रंग जातो. – बारावीचा विद्यार्थी, नाशिकरोड

उत्तर : तपकिरी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. पुरेसे आम्ल असेल तर परमँगनेटमधले मँगनीज +७ वरून थेट +२ वर येते, म्हणजे ५ इलेक्ट्रॉन घेते आणि जवळपास रंगहीन होते. आम्ल कमी पडले की ते +४ वर अडकते, ३ च घेते आणि तपकिरी साका पडतो. तुझे सगळे गणित ५ इलेक्ट्रॉनवर बांधलेले आहे, तेव्हा तो आकडा वहीत लिहूच नकोस. फ्लास्क ओतून दे आणि नव्याने घे.

फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर ऑक्झॅलिक आम्ल, त्यात साधारण तितकेच विरल सल्फ्युरिक आम्ल, आणि ६० ते ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापवणे. उकळी येऊ द्यायची नाही, त्यात ऑक्झॅलिक आम्ल स्वतःच फुटू लागते. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक घेतले तर परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीकरण करत बसते आणि ब्युरेटचे वाचन फुगते. नायट्रिक घेतले तर ते स्वतःच ऑक्सिडक, वाचन कमी येते.

पहिल्या थेंबांचे कोडे: या अभिक्रियेचा उत्प्रेरक तिच्यातूनच जन्मतो, तो म्हणजे मँगनीज +२. सुरुवातीला तो नसतोच, म्हणून रंग रेंगाळतो. पहिला थेंब पूर्ण जाईपर्यंत फ्लास्क हलवत थांब, मग वेग वाढव. अधीर होऊन सुरुवातीलाच धार सोडली की पुन्हा तपकिरी. फिका गुलाबी अर्धा मिनिट टिकला की थांबायचे. वेगळा दर्शक लागत नाही. द्रावण गडद असल्याने ब्युरेटवर वरच्या कडेचे वाचन घ्यायचे.

गणित: ऑक्झॅलेटमधला प्रत्येक कार्बन +३ वरून +४ होतो, कार्बन दोन, म्हणून रेणूमागे २ इलेक्ट्रॉन. परमँगनेटचे ५. प्रमाण २ परमँगनेटला ५ ऑक्झॅलिक. २५० मिलिलिटरमध्ये स्फटिकरूप ऑक्झॅलिक आम्ल १.५७६ ग्रॅम घेतले की ०.०५ मोलर. त्याच्या १० मिलिलिटरला ०.०२ मोलर परमँगनेट बरोबर १० मिलिलिटर लागायला हवे. मोहरच्या मिठाला (फेरस अमोनियम सल्फेट) ही तापवातापवी नको: फेरस आयन गरम झाला की हवेतल्या ऑक्सिजनलाच इलेक्ट्रॉन देऊन बसतो. तिथे मीठ विरघळवतानाच पाण्यात थोडे सल्फ्युरिक आम्ल घालायचे आणि थंडच अनुमापन करायचे. ब्युरेटवर राहिलेले तपकिरी डाग उरलेल्या आम्लयुक्त ऑक्झॅलिकने धुतले की निघतात.

प्रश्न : जस्ताचा मुलामा ओरखडला तरी खालचं लोखंड लवकर गंजत नाही, पण निकेल-क्रोमचा ओरखडला की त्या जागेवर भराभर गंज येतो. असं का? आणि ॲनोड नक्की धन की ऋण? – आयटीआय प्रशिक्षणार्थी, अंबड

उत्तर : प्रमाण क्षपण विभव पाहा: जस्त −०.७६ व्होल्ट, लोखंड −०.४४, निकेल सुमारे −०.२५. जितके ऋण जास्त तितकी इलेक्ट्रॉन द्यायची तयारी जास्त. ओरखड्यावर ओल आली की दोन धातूंचा छोटा सेल तयार होतो. जस्त असेल तर तेच पुढे होऊन इलेक्ट्रॉन देते, लोखंड वाचते. निकेल असेल तर देणारे लोखंड ठरते. त्यात भर म्हणजे भोवतालचा निकेलचा पृष्ठभाग मोठा आणि उघडे लोखंड सुईच्या टोकाएवढे, त्यामुळे सगळा भार त्या टोकावर येतो आणि गंज खोल जातो. निकेलचा थर म्हणजे कुलूप, जस्ताचा थर म्हणजे स्वतः मार खाणारा राखणदार.

ॲनोड म्हणजे जिथे ऑक्सिडीकरण होते ती जागा, एवढेच धरा. बॅटरी वापरात असताना ती ऋण असते, प्लेटिंगच्या टाकीत धन. बाथमध्ये जॉब, म्हणजे मुलामा द्यायची वस्तू, कॅथोडला (क्षपण होते त्या जागी) टांगतात. जोड उलटी लागली की जॉबच विरघळू लागतो. १ अँपिअर प्रवाह तासभर दिला तर हिशेबाने १.२२ ग्रॅम जस्त बसायला हवे. प्रत्यक्षात त्याहून कमी बसते, कारण काही इलेक्ट्रॉन हायड्रोजनचे आयन पळवतात. तो हायड्रोजन कडक पोलादात शिरला तर स्प्रिंग किंवा बोल्ट पुढे भार आल्यावर अचानक तुटतो. म्हणून असे जॉब प्लेटिंगनंतर लगेच, साधारण १९० ते २२० अंशांवर काही तास भट्टीत ठेवतात. घाईच्या ऑर्डरीत हीच पायरी गाळली जाते.

प्रश्न : उघडी राहिलेली वाइन आंबते आणि वायनरीत तिला ‘सल्फर’ देतात. यात रेडॉक्स आहे का? – वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आहे. हवा मिळाली की जिवाणू इथेनॉलचे ॲसेटिक आम्ल करतात: १ इथेनॉल + १ ऑक्सिजन → १ ॲसेटिक आम्ल + १ पाणी. कार्बनचा सरासरी अंक −२ वरून ० वर जातो. ‘सल्फर’ म्हणजे बहुधा पोटॅशिअम मेटाबायसल्फाइट. १ ग्रॅममधून हिशेबाने ०.५८ ग्रॅम सल्फर डायऑक्साइड मिळतो. तो जिवाणूंना आवरतो आणि ऑक्सिडीकरणातून निघणारी घातक उत्पादने स्वतः क्षपणक होऊन टिपतो, त्यात त्याचे गंधक +४ वरून +६ होते. द्राक्षाच्या निर्यातीच्या पेटीतला कागदही ओलाव्याने हाच वायू सोडतो, पण त्या सुटण्यात गंधक +४ च राहते.